थेंब तरंगला, मग पुढे काय?



१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या तारखा जवळ आल्या की आपल्याकडे रक्तदान शिबिराची तयारी सुरू होते. मोठ्या शहरात होते तशी ती आमच्या ढाणकीसारख्या गावातही होते. शिबिर पार पडले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, इतक्या दात्यांनी रक्तदान करून महामानवाला अभिवादन केले. आकडा मोठा असला की मंडळाचा उत्साह वाढतो, आणि तो वाढायलाच हवा. पण त्या बातमीत एक आकडा कधीच नसतो. रांगेत उभे राहून, अर्ज भरून, बोटाला सुई टोचून घेऊन जे रक्त न देताच परत गेले, ते किती? आणि घरी गेल्यावर त्यांचे पुढे काय झाले? या महिन्यात आम्हाला बोलायचे आहे ते त्यांच्याबद्दल.

आम्ही डॉक्टर नाही. शिबिर असले की मंडप, सतरंज्या, खाटा यांची सोय पाहणारे, अर्ज भरून घेणारे, दात्याच्या हातात बिस्किटाचा पुडा आणि चहाचा कप देणारे आम्ही. पण तपासणीच्या टेबलाशेजारी बसले की डॉक्टर नसलेल्यालाही एक गोष्ट दिसते. परत जाणाऱ्यांत आपल्या आयाबहिणींचा भरणा जास्त असतो.

निळ्या द्रावणातला थेंब

वजन आणि रक्तदाब पाहून झाला की बोटाच्या टोकावर सुई टोचतात आणि रक्ताचा एक थेंब निळ्या द्रावणात सोडतात. ते द्रावण मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे. फवारणीच्या कामामुळे मोरचूद शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. द्रावणाची घनता अशी ठरवलेली असते की रक्तात दर १०० मिलिलिटरमागे १२.५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त हिमोग्लोबिन असेल तर थेंब पंधरा सेकंदांच्या आत तळाशी जातो. कमी असेल तर तो तरंगतो किंवा मध्येच रेंगाळतो. पद्धत स्वस्त आहे, तिला वीज लागत नाही, आणि कित्येक वर्षांपासून ती शिबिरांत वापरली जाते.

तिची एक मर्यादा मात्र आहे. ‘आज रक्त घ्यायचे की नाही’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर तिच्याकडून मिळते. हिमोग्लोबिन किती कमी आहे, हे ती सांगत नाही. १२.२ असलेल्या शिक्षिकेचा थेंब तरंगतो आणि ७ असलेल्या मजूर बाईचाही तरंगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाप्रमाणे गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले तर तिला रक्तक्षय आहे असे धरतात आणि ८ च्या खाली गेले तर तो तीव्र मानतात. म्हणजे आपल्या शिक्षिकाबाईंना रक्तक्षय नाहीच, त्या फक्त दात्याच्या मापात थोड्या कमी पडल्या. मजूर बाईला मात्र त्याच आठवड्यात दवाखाना गाठायला हवा. टेबलावर दोघींना एकच वाक्य ऐकायला मिळते, “ताई, तुमचं रक्त कमी आहे, आज घेता येणार नाही.” दोघी पदर सावरत बाजूला होतात. शिक्षिकाबाई कदाचित पुढे तपासणी करून घेतील. मजूर बाई दुसऱ्या दिवशी निंदणाला जाईल.

मंडपात कोणी तरी गमतीने म्हणतेही, “माय, तुह्याच आंगात रक्त नाही, तू कोनाले देशीन?” बाई हसते, बाकीचेही हसतात. पण रोजी बुडवून, उन्हात चालत, दुसऱ्याला काही तरी द्यावे म्हणून ती आलेली असते. अंगात रक्त कमी आहे हे कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच तिला कळलेले असते. ते कळल्यावर पुढे काय करायचे हे सांगणारे त्या मंडपात कोणीच नसेल, तर शिबिराचे निम्मेच काम झाले असे आम्हाला वाटते.

हा प्रश्न किती मोठा आहे

२०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. पुरुषांमध्ये ते सुमारे २२ टक्के आढळले. घराघरांत मोबाइल पोचला त्या काळात बायांच्या अंगातले रक्त मात्र कमी होत गेले. हा सगळ्या राज्याचा हिशेब आहे. पैनगंगेच्या काठच्या आमच्या पट्ट्यात, बंदी भागातल्या खेड्यांत आणि तांड्यांवर घरोघर जाऊन पाहिले तर काय दिसेल, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

कारणेही नवी नाहीत. घरात सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेल्यावर बाई जेवते. डाळ पातळ आणि भाजी नावापुरती. जेवणाआधी, जेवणानंतर, कधी जेवणाऐवजीही चहा असतो. जेवणासोबतचा चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. पाळीत अंगावरून जास्त जात असले तरी बाई ते कोणाला सांगत नाही. पाठोपाठची बाळंतपणे लोहाचा साठा संपवतात. शेतात अनवाणी वावरताना पायाच्या कातडीतून आकडीकृमी शरीरात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी, हळदीची काढणी अशी कामे वर्षभर एकापाठोपाठ एक चालूच असतात. दम लागतो, पायात गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर बाई म्हणते, “कामाचा थकवा हाय.” या थकव्याला नाव आहे, तो मोजता येतो आणि बहुतेक वेळा बराही होतो.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची कसोटी सांगितली. शिक्षण, नोकरी, राजकारण यांना ती आपण लावतो. आमच्या मते ती हिमोग्लोबिनलाही लावली पाहिजे.

नकार कशासाठी असतो

रक्तदानाचे नियम दोन माणसांसाठी आहेत, रक्त देणाऱ्यासाठी आणि घेणाऱ्यासाठी. हे समजले तर नकाराचा राग येत नाही. दात्याचे वय १८ ते ६५ असावे, पहिल्यांदाच रक्त देत असेल तर ६० पेक्षा जास्त नसावे. वजन किमान ४५ किलो हवे. एका वेळी ३५० मिलिलिटर रक्त घेतात. वजन ५५ किलोच्या वर असेल तर ४५० मिलिलिटर घेता येते. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असते. त्यातला पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, लाल पेशी भरून यायला काही आठवडे लागतात. लोहाची भरपाई मात्र त्याहून सावकाश होते. आधीच पाळीत लोह जात असल्याने बाईला जास्त वेळ लागतो. म्हणून पुरुषाने तीन महिन्यांनी आणि स्त्रीने चार महिन्यांनी पुन्हा रक्त द्यावे, असा नियम आहे. रक्त दिल्याने कायमची कमजोरी येते किंवा मूल होत नाही, या समजुतींना आधार नाही. पण ज्याच्याकडे लोह आधीच कमी आहे, त्याने रक्त दिले तर त्रास होतो, हे खरे आहे.

काही नकार ठरावीक काळापुरते असतात. गरोदरपणात, बाळंतपणानंतर वर्षभर आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत रक्त देता येत नाही. पाळीच्या दिवसांत थांबावे लागते. त्यात विटाळाचा काही संबंध नाही, ती शरीराची काळजी आहे. मलेरिया बरा झाल्यावर तीन महिने, डेंग्यू किंवा चिकुनगुनिया झाल्यास सहा महिने, टायफॉइड झाल्यास वर्षभर थांबायचे असते. मधुमेह किंवा रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात असेल तर रक्त देता येऊ शकते, निर्णय डॉक्टरांचा. इन्सुलिन घेणाऱ्याला देता येत नाही. उपाशीपोटी येऊ नये आणि दारू घेऊन तर मुळीच येऊ नये.

तरुण मुलांसाठी एक सूचना वेगळी. जयंतीच्या आठवड्यात पुष्कळ मुले हातावर ‘जयभीम’ किंवा अशोकचक्र गोंदवून घेतात आणि त्याच उत्साहात १४ एप्रिलला रक्तदानाला येतात. गोंदवल्यावर वर्षभर रक्त देता येत नाही, कारण अस्वच्छ सुईतून काविळीचे आणि एचआयव्हीचे विषाणू अंगात जाऊ शकतात. तेव्हा बाळांनो, आधी रक्त द्या आणि नंतर गोंदवा. जो गोंदवून आला असेल त्याला त्या दिवशी पाणी वाटायला लावा. एप्रिलच्या उन्हात तेही मोलाचे काम आहे.

सिकलसेलची गोष्ट

विदर्भात रक्ताविषयी बोलायचे आणि सिकलसेलचे नाव काढायचे नाही, असे होऊ शकत नाही. धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी, १९५८ साली, नागपूरकडच्या डॉक्टरांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मध्य भारतात, विशेषतः आपल्या समाजात, सिकलसेलचा गुणधर्म मोठ्या प्रमाणात आहे हे त्यातून पुढे आले. गोंड, परधान, कोलाम अशा आदिवासी समाजांत आणि इतर काही जातींतही तो आहे. आईवडिलांकडून मिळणारा हा गुणधर्म आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही आणि त्यात कोणाचे पापही नाही.

यातले दोन प्रकार नीट समजून घ्यावेत. आई आणि वडील दोघांकडूनही सिकलचा गुण मिळाला तर माणूस रुग्ण होतो. ऑक्सिजन कमी पडला की त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. अशा रुग्णाने रक्त द्यायचे नसते, उलट त्यालाच वेळोवेळी रक्त लागू शकते. एकाकडूनच गुण मिळाला तर माणूस वाहक असतो. वाहक हा रुग्ण नाही. तो शेत नांगरतो, शाळेत शिकवतो, संसार करतो. वाहकाचे हिमोग्लोबिन चांगले असले तरी शिबिरात त्याने ‘मी वाहक आहे’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वाहकाचे रक्त सिकलसेलच्या रुग्णाला किंवा नवजात बाळाला देण्याचे टाळतात, आणि पांढऱ्या पेशी वेगळ्या करण्याच्या गाळणीतही ते अडकू शकते. घ्यायचे की नाही आणि कोणाला द्यायचे, ते रक्तपेढी ठरवेल. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी पत्रिका पाहण्यापेक्षा ही तपासणी करावी.

आणखी एक गोष्ट आयाबहिणींनी लक्षात ठेवावी. रक्त कमी निघाले म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. ज्याला वारंवार रक्त चढवावे लागते त्याच्या शरीरात लोह साचते आणि ते घातक ठरू शकते. आधी तपासणी, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी. तरंगलेल्या थेंबामागे साधा रक्तक्षय आहे की सिकलसेल, हे त्या थेंबावरून कळत नाही. परत गेलेल्या माणसाचा पाठपुरावा करण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना रक्त मोफत आणि बदली दाता न मागता मिळावे, असा नियम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे दोन्ही आजार घातले आहेत. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू आहे. कागदावरचा हक्क हातात पडायचा तर रक्तपेढीत रक्त असावे लागते. ढाणकीच्या रुग्णाला रक्त लागले की उमरखेड, पुसद, नाही तर नांदेड-यवतमाळची वाट धरावी लागते. जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ असले तरी आमच्याकडून नांदेड जवळ पडते. कोणत्याही दिशेला गेले तरी गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी ठरलेलीच.

मोजून दिलेला नकार आणि ओळखीवरून दिलेला नकार

आतापर्यंत सांगितलेले नकार शरीर मोजून दिलेले आहेत. वजन, हिमोग्लोबिन, झालेला आजार, टोचलेली सुई. उद्या मोजमाप बदलले की नकार संपतो. दुसऱ्या प्रकारचा नकार माणूस कोण आहे यावरून दिला जातो, आणि त्याचा इतिहास आपल्याला चांगला ठाऊक असायला हवा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रेड क्रॉसने सुरुवातीला काळ्या लोकांचे रक्त घेतलेच नाही. १९४२ पासून घेऊ लागले, तेव्हाही ते वेगळी खूण करून वेगळे ठेवले. ही पद्धत १९५० पर्यंत चालली. गंमत अशी की रक्तातला प्लाझ्मा साठवून दूरवर पाठवण्याच्या कामाचा पाया ज्यांनी घातला, ते डॉ. चार्ल्स ड्रू स्वतः काळे होते आणि या भेदाला शास्त्राचा आधार नाही असे त्यांनी उघड सांगितले होते. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्ताचे गट शोधले. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ नावाने ओळखला जाणारा दुर्मीळ गट शोधला. या गटाच्या रुग्णाला त्याच गटाचे रक्त लागते आणि ते मिळवण्यासाठी राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फोन फिरतात. त्या वेळी दात्याची जात विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. जात हा शुद्ध रक्ताचा, वंशाचा प्रश्न आहे, हा दावा बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातीचे निर्मूलन’मध्ये खोडून काढला आहे.

आज आपल्या देशात रक्तदात्याची जात पाहिली जात नाही. पण राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांनी तृतीयपंथी, समलिंगी संबंध असलेले पुरुष आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रिया यांना कायमचे वगळले. या नियमांना २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. नियमामागचे कारण एचआयव्ही आणि काविळीची भीती हे आहे, आणि ती भीती पूर्ण खोटी नाही. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, बी आणि सी प्रकारची कावीळ, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते, पण लागण झाल्यानंतर काही दिवस ती तपासणीत सापडत नाही. ज्या मुलाला महिन्या-महिन्याला रक्त लागते, त्याच्या आईची काळजी आम्ही हलकी मानत नाही.

पण त्या काळजीवरचा उपाय काय? धोका असतो तो माणसाच्या वागण्यात. नवा जोडीदार, असुरक्षित संबंध, नशेची सुई, हे प्रश्न प्रत्येक दात्याला सारखेच विचारता येतात. इंग्लंडने २०२१ पासून आणि अमेरिकेने २०२३ पासून ही पद्धत स्वीकारली आहे. तिथे स्त्री असो की पुरुष, सगळ्यांना तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरे पाहून निर्णय घेतात. एकनिष्ठ राहणाऱ्या समलिंगी माणसाला कायम बंदी, आणि बाहेरख्याली नवऱ्याला तो ‘संसारी माणूस’ म्हणून चौकशीशिवाय प्रवेश, यात रुग्णाची सुरक्षा वाढत नाही. एखादा समाजच्या समाज धोक्याचा ठरवून दाराबाहेर ठेवण्याची रीत आपण पिढ्यान् पिढ्या भोगली आहे. म्हणून या नियमाचा पुनर्विचार व्हावा असे आमचे स्पष्ट मत आहे. तो होईपर्यंत शिबिरात नियम पाळावाच लागेल. पण टेबलाशी आलेल्या तृतीयपंथी व्यक्तीशी आपण कसे बोलतो, चारचौघांत तिची चेष्टा होऊ देतो की आदराने खुर्ची देऊन सांगतो, हे आपल्याच हातात आहे.

आमचा आग्रह

मोजून दिलेला नकार पाळायचा, पण तिथेच सोडून द्यायचा नाही, हे आमचे म्हणणे. त्यासाठी फार पैसा लागत नाही. शिबिर ठरवताना रक्तपेढीशी बोलतो, तसेच गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशीही बोलावे. ज्यांचा थेंब तरंगला त्यांच्यासाठी शेजारी एक दुसरे टेबल लावावे. तिथे आरोग्यसेविका किंवा आशाताई बसतील. आकडा दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर हिमोग्लोबिन मोजून तो चिठ्ठीवर लिहून त्या बाईच्या हातात द्यावा. सिकलसेलची प्राथमिक तपासणीही तिथेच व्हावी, आणि तिचा निकाल फक्त त्या व्यक्तीला सांगावा, माइकवरून नव्हे. ज्याचे हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल त्याला कोणी तरी सोबत घेऊन दवाखान्यात पोचवावे.

पुढचे काम वर्षावासात होऊ शकते. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालते आणि त्याला सर्वांत जास्त गर्दी आपल्या आयाबहिणींचीच असते. आठवड्यातल्या एका दिवशी वाचन संपल्यावर दहा मिनिटे आरोग्याला द्यावीत. शासनाकडून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या खरोखर पोटात जातात की फडताळात पडून राहतात, हे एकमेकींना विचारावे. जंताची गोळी घेतली का, ते पाहावे. गोळी चहासोबत घेऊ नये. ती लिंबूपाण्यासोबत घेतली तर लोह अंगी लागते. पावसाळ्यात तरोटा, अंबाडी उगवते, हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी असते. त्यावर लिंबू पिळावे. मटण घरात आले तर कलेजीचा तुकडा नवऱ्याच्या आणि मुलाच्या ताटात जातो, तो एकदा तरी बाईच्या ताटात वाढावा. घरातल्या पुरुषांनी हे मनावर घेतले तर गोळीपेक्षा जास्त फरक पडेल.

मग त्याच बायांचे हिमोग्लोबिन आश्विन पौर्णिमेच्या आसपास पुन्हा मोजावे आणि जमल्यास तेव्हा लहानसे शिबिर घ्यावे. यात रक्तपेढीचाही फायदा आहे. लाल पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात. १४ एप्रिलला जमलेले रक्त २६ मेनंतर उपयोगाचे राहत नाही. आजार आणि बाळंतपणे मात्र वर्षभर चालू असतात. सगळ्या पिशव्या एकाच दिवशी भरण्यापेक्षा वर्षात तीन-चार वेळा थोडे थोडे रक्त मिळाले तर रुग्णाला ते खरोखर वेळेवर मिळते.

काही कार्यकर्ते म्हणतील की हे रक्तदान शिबिर आहे, याचे आरोग्य शिबिर कशाला करायचे? आम्ही म्हणतो, पिशवीतले रक्त माणसाच्याच अंगातून येते, आणि त्या अंगाची चौकशी करायला याहून चांगली संधी गावात दुसरी मिळत नाही. काही जण म्हणतील की बायांचे रक्त कशाला हवे, पुरुष पुरेसे आहेत. आमचा हेतू बायांकडून पिशव्या भरून घेण्याचा नाही. जिचे हिमोग्लोबिन ८ वरून १२.५ वर गेले, तिने पुढे रक्त दिले तर आनंदच आहे. नाही दिले तरी काही बिघडले नाही. तिचा थकवा गेला, तिचे पुढचे बाळंतपण सुखरूप झाले, तर शिबिराचे चीज झाले. दान देणाऱ्याला दुबळे करणारे दान तथागतांनाही अपेक्षित नव्हते, असे आम्ही मानतो.

मजुरीचाही विचार व्हावा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला रक्तदानासाठी वर्षातून चार वेळा विशेष नैमित्तिक रजा मिळू शकते. निंदणाला जाणाऱ्या बाईला अशी रजा कोण देणार? म्हणून शिबिराची वेळ सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, शेतावरून परतल्यावर ठेवावी. एप्रिलमध्ये तर भर दुपारी शिबिर घेऊच नये.

शेवटी, यवतमाळ जिल्ह्यातल्या आणि बाहेरच्याही मंडळांना एकच विनंती. पुढच्या शिबिराच्या बातमीत दोन आकडे द्या. पहिला, किती जणांनी रक्त दिले. दुसरा, किती जणांना परत जावे लागले आणि त्यांतल्या किती जणांची पुन्हा तपासणी झाली. हा दुसरा आकडा या पानाकडे पाठवा. आम्ही तो पहिल्या आकड्याच्या शेजारी, त्याच अक्षरात छापू.

जयभीम. नमो बुद्धाय.